विमानाची आण

दूर कुठंतरी विमान पडलं, त्याच दिवशी मी शेअर घेतले. सहासष्ट वर्षांची, शाळेतून रिटायर झालेली बाई. म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता. पडलं एका कंपनीचं, भाव मात्र दुसरीचाही उतरला. मस्तगडात, आमच्या गल्लीत, खालच्याच मजल्यावर राहणाऱ्या भाच्याला मी म्हटलं, "घे तिचे. लोक आठ दिवस भितील, मंग पुन्हा रांगा लावतील."

"मावशी, तुम्ही तर लई डोकेबाज निघाल्या!"

मी फुगले. दिवसभर टीव्हीवर तो जळका सांगाडा बघितला आणि संध्याकाळी गुवाहाटीला लेकीला फोन लावून रडले. "विमानात पाय ठेवशील तर तुला माझ्या गळ्याची आण हाय." घातलेली आण घालणाऱ्यानंच 'सुटली' म्हटल्याशिवाय सुटत नाही. आमची लेक शिकलेली, पण आईच्या गळ्याशी कोण खेळणार?

लोक खरंच विसरले. भाव पहिल्यापेक्षाही वर गेला. या हुशार बाईनं गल्लीत पेढे वाटले.

पुढच्या उन्हाळ्यात ह्यांना दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, जवळच्यांना बोलवून घ्या. लेकीचा फोन आला.

"आई, सकाळच्या विमानानं निघते, रात्रीपर्यंत पोचते. सुटली म्हण."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाबा बोलून राह्यले का?"

"बोलून राह्यले. तू रेल्वेनं ये. बराबर पोचशील."

"अगं, दोन दिवसांच्या वर लागतील! म्हण ना, जल्दी."

'सुटली' काही मी म्हटलं नाही. एक चाललाय, दुसरी नको, एवढंच डोक्यात. भाचा शेजारी उभा होता. "मावशी, लोक आठच दिवस भितात, तुम्हीच म्हणाल्त्या ना..." मी डोळे वटारले.

हे दोनदा दाराकडं बघून म्हणाले, "आली का?" दुसऱ्यांदा मी खोटंच सांगितलं, "आली, स्टेशनावर हाय." तिची गाडी तेव्हा बंगालात होती.

ती पोचली ती राख सावडायच्या दिवशी. ओरडली असती तर बरं झालं असतं. माझ्या पाया पडली, पाणी प्यायली, ह्यांच्या रिकाम्या पलंगाशी जाऊन बसली.

तेरवीनंतर मी म्हटलं, "सुटली गं, सुटली. जाताना विमानानं जा."

"आता कसली घाई, आई?"

अजूनही येते ती रेल्वेनंच. आठ दिवसांच्या रजेतले पाच रुळांवर जातात. उरलेल्या तिनांत मी विमानाचं नाव काढत नाही.