ट्रिगरमधली ओळ

कल्याणच्या आमच्या हॉस्पिटलात कॉम्प्युटरचं सगळं बघणारे सर प्रत्येक गोष्ट दोनदा बोलायचे. "सेव्ह केलंस? केलंस ना सेव्ह?" मी त्यांचा असिस्टंट. त्यांची नक्कल केली की नर्स लोक पोट धरून हसायचे. एकदा सर मागेच उभे होते. म्हणाले, "मान जास्त हलवतोस रे. जास्त हलवतोस."

आमचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स, फुकटातलं. त्याच्या डेटाबेसमध्ये सरांनी स्वतः एक ट्रिगर, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, लिहिलेला. कुणी पेशंटची नोंद बदलली की जुनी नोंद, बदलणाऱ्याचं नाव आणि वेळ आपोआप वेगळी जमा व्हायची.

मग एका बाईंना नको ते इंजेक्शन दिलं आणि त्या गेल्या. त्यांना त्या इंजेक्शनची अ‍ॅलर्जी आहे हे स्क्रीनवर सरळ लिहिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी ती ओळ गायब. ट्रिगरने मात्र पकडलेलं. ओळ पुसणारे होते आमचे मालक डॉक्टर.

डॉक्टर सरांच्या टेबलाशी आले. "तुमच्या त्या ट्रिगरने लिहिलंय ते पण काढा."

"नाही काढणार." सर एकदाच बोलले. मग डबा पिशवीत टाकला आणि कायमचे निघून गेले. कुणी थांबवलं नाही, मी पण नाही.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुला येतं ना रे हे?"

येत होतं. सरांनीच शिकवलेलं. पुसायला दोन मिनिटं पण लागली नाहीत.

परवा त्या बाईंचा नवरा रेकॉर्ड मागायला आला. मी प्रिंट काढून दिली. त्याने दोन्ही हातांनी कागद घेतले आणि म्हणाला, "थँक्यू हा, भाऊ. तुम्ही तरी दिलंत."