रुंद चाकं आणि पुढची सीट

आमच्या घरात गाडीत कोण कुठे बसणार हे गाडी विकत घेण्याच्या आधीच ठरलेलं असतं. चालवायला नवरा, त्याच्या शेजारी सासरे, मागे मी. सासरे नसले तर पुढे दीर. दीर नसला तर नणंदेचे यजमान. तेही नसले तर वाटेत हात केलेला कुणीही ओळखीचा पुरुष पुढे बसतो, आणि मी पर्स उचलून मागे जाते. याला आमच्याकडे मान ठेवणं म्हणतात. लग्न होऊन कोपरगावात आले तेव्हा जीप होती, मग व्हॅन आली, मग चांगली चार दारांची मोटार आली. गाड्या बदलल्या, माझी सीट तीच राहिली.

पन्नाशी उलटल्यावर नवऱ्याने स्पोर्ट्स कार घेतली. त्याचं ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान आहे, दिवसभर तो पाइप आणि नळ्या विकतो, तेव्हा काहीतरी वाकडं होणार याची मला कल्पना होती. पण लाल रंगाची, दोन दारांची, जमिनीला पोट टेकलेली गाडी येईल असं वाटलं नव्हतं. पुण्यातल्या कुणाची तरी जुनी. मागे सीट होती, पण ती बनवणाऱ्याने साडी नेसलेली बाई कधी पाहिलेली नसावी. पुढची सीट पाडायची, निऱ्या गोळा करायच्या, आधी डोकं आत घालायचं आणि मग उरलेलं अंग ओढून घ्यायचं. उतरताना हेच उलट, आणि बघायला अख्खी गल्ली.

महिन्याभरात नवऱ्याला गाडीची मूळ चाकं किरकोळ वाटायला लागली. चाक कसं मडगार्डाच्या बाहेर डोकावलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. मग पुण्याला जाऊन त्याने रुंद काळी चाकं बसवून आणली, गाडी आणखी खाली बसवून घेतली आणि जुनी चाकं तिथेच देऊन टाकली. नवी चाकं बसतात का, हे त्याने आणि त्याच्या मित्राने एक चक्कर मारून नीट तपासलं होतं. दोघेही पुढे बसले होते. मागेही माणूस बसतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. मला त्यात आश्चर्य वाटलं नाही.

रविवारी नवरा, सासरे आणि मी असे आम्ही तिघं पुणतांब्याला शेतावर जातो. पहिल्याच गतिरोधकावर माझ्या बुडाखाली घर्रर्र असा आवाज झाला. पुढच्या खड्ड्यात परत. नवरा उतरला, वाकून बघितलं, हात झटकले.

"तू बसलीस की घासतंय," तो म्हणाला.

मी खाली उतरले. गाडी थोडी पुढे नेली, आवाज नाही. परत बसले, घर्रर्र. माझं वजन किती हे इथे सांगायची गरज नाही, पण त्या दिवशी ते पुणतांब्याच्या रस्त्यावरच्या सगळ्यांना कळलं. नवऱ्याने हवा वाढवून बघितली, गाडी हळू चालवून बघितली. टायरच्या कडेला गोल ओरखडा पडला होता तो खोल होत गेला. मी जेवण कमी करावं असंही त्याने एकदा सुचवून बघितलं, पण त्या दिवशी त्याला स्वतःलाच जेवण कमी मिळालं.

शेवटी त्याने तोडगा काढला. सासरे, म्हणजे माझे मामा, अंगाने अगदी काटकुळे. ते मागे बसले की चाक घासत नव्हतं.

"दादा, टायर वाचवायचंय," नवरा वडिलांना म्हणाला. "थोडे दिवस तुमी मागं बसा. हिला म्होरं बसू द्या."

मामा मान खाली घालून मागे शिरले. मला वाटलं, त्यांचा अपमान झाला. वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर इतका आनंद झाला की तो लपवायला मी खिडकीबाहेर बघत बसले.

पुढून सगळंच वेगळं होतं. गोदावरीच्या पुलाचे मागून नुसते कठडे पळताना दिसायचे, इथून तो पूल समोरून अंगावर यायचा. उसाच्या ट्रॉल्या समोरून आल्या की मी आपोआप पाय दाबायची, जणू ब्रेक माझ्याकडेच आहे. पुणतांब्यात लोक गाडीला हात करायचे आणि आता त्यातला निम्मा हात मला असायचा. गाडी चालवताना नवरा ओठ हलवतो, स्वतःशीच काहीतरी बोलतो, हेही मला तेव्हाच कळलं. संसार इतका जुना, आणि गाडीत मी त्याचा फक्त कान पाहिला होता. मला ती जागा आवडली. ती जाऊ नये असं मला फार वाटायला लागलं.

पण नवऱ्याच्या मनात घासणारं चाक सलत होतं. कुणीतरी गाड्यांचा पत्रा ठोकून सरळ करणाऱ्या नगरच्या एका डेंटरचं नाव सांगितलं आणि आम्ही तिघं मनमाड रोडचे खड्डे खात नगरला गेलो. डेंटर बोलका निघाला. पुण्यामुंबईच्या कुठकुठल्या गाड्या त्याच्या हाताखालून गेल्या हे सांगण्यात चहा संपला. मग म्हणाला, "ताई, रोज बसता तशे बसा सगळे. वजन हाय तसंच पायजे."

रोज बसतो तसे म्हणजे चाक घासायच्या आधी बसायचो तसे. मी निऱ्या गोळा करून मागे गेले, मामा पुढे. डेंटरने तंबाखूच्या डबीतला चुना बोटाने मडगार्डाच्या आतल्या काठाला लावला. एक चक्कर मारून आलो, तर चुना एका ठिकाणी साफ पुसला गेलेला. तिथेच घासत होतं. मग त्याने तो पत्रा गरम करून, रोलर फिरवून, काठ आत दुमडला. मी शिवणकाम करते, मला ते लगेच समजलं. झालर लोंबत असली की आपण तशीच आत घेतो. रंगाला तडाही गेला नाही. काम चांगलं होतं, आणि ते होताना मला एकेक इंच मागे ढकलल्यासारखं वाटत होतं.

पुन्हा चुना, पुन्हा चक्कर. प्रत्येक खड्ड्यात मी कान देऊन बसले होते. एकदाही आवाज आला नाही.

"येतोय का?" नवऱ्याने विचारलं. येतोय म्हणावं असं जिभेवर आलं, पण चुना खोटं बोलू देणार नव्हता.

"नाही," मी म्हणाले.

नवरा खूश. डेंटरशी हात मिळवला, चाकाचा मोबाईलवर फोटो काढला. आम्ही खाली उतरून पाय मोकळे केले. मग निघायची वेळ झाली तशी त्याने पुढची सीट पाडली आणि मला म्हणाला, "बस. आता मागं कुनीबी बसा, काय टेन्शन न्हाई."

मी उभीच राहिले. "मी पुढे बसणार आहे," मी म्हणाले. आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. डेंटर आपली अवजारं आवरायला लागला.

"अगं, चाक घासत न्हाई आता."

"माहीत आहे. तरी मी पुढे बसणार आहे."

"आन् दादा?"

आम्ही दोघांनी मामांकडे बघितलं. ते दाराजवळ उभे होते. मला वाटलं, आता घरी जाईपर्यंत कुणी कुणाशी बोलणार नाही.

"मला नगो ते म्होरचं," मामा म्हणाले. "ट्रक समोरून आला की जीव जातो माजा. जीपमदी बी जायचा. मागं लई बरं वाटतं, काय दिसत न्हाई."

"मग इतकी वर्षं बसायचात कशाला?" नवऱ्याने विचारलं.

"मान हाय म्हनून तूच बसवायचास," मामा म्हणाले. "इचारलं व्हतं का कुनी?"

ते पाडलेल्या सीटवरून मागे शिरले आणि पाय आखडून बसले. नवऱ्याने सीट सरळ केली, मी पुढे बसले. मी जिंकले होते, मला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी राग आला. मी मन मारून मागे, ते जीव मुठीत धरून पुढे, आणि दोघंही एकमेकांचा मान ठेवत सगळं आयुष्य असे फिरलो.

"मग हे एवढं काम केलं कुनासाठी?" गाडी रस्त्याला लागल्यावर नवरा म्हणाला. तो खरोखर विचारत होता. मागून मामांच्या घोरण्याचा आवाज यायला लागला होता, आणि समोरून ट्रक आला तसा मी पाय दाबला.