दोनदा काढलेलं पित्ताशय

पचनसंस्थेच्या परीक्षेत मला पन्नासपैकी शेहेचाळीस गुण मिळाले, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्या हुशारीबद्दल कुणाला शंका राहायला नको. दोराताई नापास झाल्या.

दोराताई हे त्यांचं खरं नाव नव्हे, पण हॉस्पिटलात दुसऱ्या नावाने त्यांना कुणी ओळखतही नव्हतं. आमच्या रेकॉर्ड रूममध्ये, माझ्या शेजारच्या टेबलावर, त्यांनी चोवीस वर्षं काढली. शिक्षण दहावी. नवरा शिंपी. त्याच्या दुकानात उरलेली रिळं त्या पिशवीतून आणायच्या आणि फायलींना दोरे बांधायच्या. पांढरा दोरा म्हणजे फाईल पूर्ण, ठेवा मांडणीवर. तांबडा दोरा म्हणजे आतला एक कागद दुसऱ्या कागदाशी जुळत नाही. डाव्याचं उजवं झालंय, किंवा पन्नाशीचा माणूस दोन पानांनंतर तिशीचा झालाय. तांबडा बांधला की संबंधित डॉक्टरला गाठून विचारल्याशिवाय बाई घरी जायच्या नाहीत. मोठमोठे डॉक्टर त्यांना लांबून पाहून जिना बदलायचे. मी पदवीधर असल्यामुळे मला हा सगळा प्रकार जुनाट वाटायचा.

मग नवे व्यवस्थापक आले. नव्या माणसाला काहीतरी नवं करावंच लागतं, नाहीतर तो आलाय हे लोकांना कळणार कसं? साहेबांनी फर्मान काढलं की रेकॉर्ड रूममधल्या प्रत्येकाला वैद्यकीय शब्द फोडता आले पाहिजेत. सुरुवात पचनसंस्थेपासून. महिन्याने परीक्षा. जो नापास होईल त्याची बदली तळघरात, चादरींच्या खोलीत. आणि शिकवायचं कुणी? पदवीधर कोण आहे? झालं, जेवणाच्या सुट्टीत मी मास्तर झालो.

शब्द फोडणं तसं सोपं असतं. डोकं सांगतं अवयव कुठला, शेपूट सांगतं त्याचं काय झालं. गॅस्ट्र म्हणजे जठर, हेपॅट म्हणजे यकृत, एंटर म्हणजे आतडं, कोलिसिस्ट म्हणजे पित्ताशय. शेवटी आयटिस असेल तर सूज आली, स्कोपी असेल तर आत डोकावून पाहिलं, एक्टमी असेल तर काढून टाकलं. मी दोन दिवसांत सगळं घोकून टाकलं. ताईंना तीन आठवडे लागले, कारण त्यांना प्रश्न पडायचे, आणि प्रश्न पडणाऱ्या माणसाचा अभ्यास कधी वेळेत होत नाही.

"मास्तर, अपेंडिक्सची एक्टमी झाली असेल, तर त्या माणसाला नंतर अपेंडिक्सचं आयटिस कसं होईल?"

"परीक्षेत असं विचारत नाहीत, ताई."

"नसतील विचारत. पण आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"तुम्ही अर्थ पाठ करा. पुढचं डॉक्टर बघतील."

त्यांनी अर्थ पाठ केले. दुकानात नवरा मशीन चालवता चालवता त्यांना शब्द विचारायचा, आणि कापायची सवय असल्यामुळे तोही त्यात तरबेज झाला. एकदा त्यांनी मला विचारलं, "आपल्याकडे कुणाची चूक पोटात घालतात. त्याला तुमच्या या भाषेत काही शब्द आहे का?" मी सांगितलं की नाही, जठरात फक्त अन्न जातं. त्या हसल्या नाहीत. परीक्षा तीन दिवसांवर आली होती.

"तळघराची एवढी धास्ती कशाला घेता?" मी म्हटलं. "पगार तोच, काम हलकं."

"तिथे वाचायला काही नसतं, मास्तर," त्या म्हणाल्या. "चोवीस वर्षं वाचत आले. चादरीवर काय वाचू?"

परीक्षेचा पेपर साहेबांनी स्वतः काढला. स्वतः काढला म्हणजे तीस गुणांचे शब्द पुस्तकातून उतरवले, आणि उरलेल्या वीस गुणांसाठी टेबलावरची सगळ्यात वरची फाईल उचलून, नाव-नंबर झाकून, तिच्या चार पानांच्या प्रती काढल्या. वापरात असलेली खरी फाईल. त्यातले अधोरेखित शब्द फोडायचे आणि अर्थ लिहायचे, एवढंच काम होतं.

मी सटासट लिहीत गेलो. पहिल्या पानावर सहा वर्षांपूर्वीची कोलिसिस्टेक्टमी होती. पित्ताशय काढून टाकणे, दोन गुण. तिसऱ्या पानावर, सोनोग्राफीच्या कागदात, कोलिलिथियासिस, पित्ताशयात खडे, दोन गुण. चौथ्यावर उद्याची ठरलेली शस्त्रक्रिया, पुन्हा कोलिसिस्टेक्टमी. पुन्हा दोन गुण. एकाच माणसाचं पित्ताशय मी दोनदा काढलं आणि दोन्ही वेळा पूर्ण गुण घेतले. अक्षरही सुरेख आलं होतं.

ताईंनी पहिल्या भागात तीसपैकी बावीस मिळवले. पास व्हायला पंचवीस हवे होते, म्हणजे त्या चार पानांतून फक्त तीन गुण. त्यांनी ती चार पानं दोनदा वाचली, पिशवीतून रीळ काढलं, कागदांच्या कोपऱ्याला भोक पाडून तांबडा दोरा बांधला आणि उत्तरांची जागा कोरी ठेवून पेपर साहेबांच्या पुढ्यात नेऊन ठेवला.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"हे जुळत नाही. आधी डॉक्टरांना विचारायला हवं."

"बाई, ही परीक्षा आहे. अर्थ येतात की नाही तेवढं लिहा."

"अर्थ येतात म्हणूनच लिहीत नाही."

साहेबांनी शून्य दिलं. ताई पेपर घेऊन बाहेर पडल्या. नाव झाकलेलं असलं तरी अक्षर झाकलेलं नव्हतं, आणि हॉस्पिटलातलं प्रत्येक अक्षर त्यांच्या ओळखीचं. सर्जनबाईंना त्यांनी थेट त्यांच्या खोलीत गाठलं. बाईंनी दोन पानं वाचली आणि तशाच उठून वॉर्डात गेल्या. खाटेवरचा म्हातारा बिचारा उपाशी राहायची तयारी करून बसला होता.

"आजोबा, तुमचं पित्ताशय आधी कधी काढलंय का?"

"काढलंय की, सहा वर्षं झाली. तुम्ही पुन्हा काढायचं म्हणालात, तेव्हा वाटलं परत उगवलं असेल."

पोट दुखत होतं ते दुसऱ्याच कारणाने. सोनोग्राफीचा कागद शेजारच्या वॉर्डातल्या, त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाचा होता. तो या फायलीत कुणी लावला, हे शोधायला फार कष्ट पडले नाहीत, कारण कागद लावणारा खाली सही करतो. सही माझी होती. अक्षर सुरेख.

ताईंनी ती सही पाहिली होती. परीक्षेच्या खोलीतच पाहिली होती. साहेबांसमोर त्या त्याबद्दल एक अवाक्षर बोलल्या नाहीत, आणि सर्जनबाईंना म्हणाल्या, "नावं सारखी आहेत, होतं असं." जठरात फक्त अन्न जातं असं मी ज्या बाईंना शिकवलं, त्यांनी माझी चूक गुपचूप पोटात घातली. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

साहेबांनी वर अहवाल पाठवला की त्यांच्या अभ्यासक्रमामुळे एक गंभीर चूक वेळीच टळली. ते अगदी खोटंही नव्हतं. त्याच अहवालात खाली बदल्यांची यादी होती, आणि नियम तो नियम. ताई पिशवीभर रिळं घेऊन तळघरात गेल्या. मी शेहेचाळीस गुणांसह वर राहिलो. मी साहेबांकडे जाऊन सही माझी असल्याचं सांगितलंही. ते म्हणाले, "प्रामाणिकपणा चांगला आहे, पण तुम्ही पास आहात ना?"

आता रोज सकाळी त्या दिवसाच्या शस्त्रक्रियांच्या फायली मी तळघरात नेतो. सर्जनबाईंनी सांगूनच टाकलंय की पांढरा दोरा दिसल्याशिवाय त्या हातमोजे घालणार नाहीत. ताई चादरींच्या गठ्ठ्यावर बसून वाचतात. मी शेजारी उभा राहतो.

पुढच्या महिन्यात नापासांची फेरपरीक्षा आहे. नापास एकट्या ताईच आहेत. पेपर काढायचं काम साहेबांनी माझ्यावर टाकलंय, आणि मी तो काढलाही. पण माझ्या हातचा कागद त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय कुणाला द्यायची आता माझी हिंमत होत नाही. शेवटी काल तोही फायलींबरोबर खाली नेला.

परत आला तेव्हा त्याला तांबडा दोरा होता.