तोंड भिंतीकडे

"टॉर्च धर. आणि तोंड भिंतीकडे कर."

आमचे वरिष्ठ टेक्निशियन नाना हे मला मराठीत सांगायचे. इद्रीसला हिंदीत. "मुँह उधर."

आम्ही दोघे तिशी ओलांडलेले, बायकापोरं असलेले पुरुष. बहारीनमधल्या एका दवाखान्याचं वर्कशॉप. टेबलावर डायलिसिसचं मशीन उघडून ठेवलेलं. नाना स्टुलावर. त्यांच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला इद्रीस. हात मशीनकडे, मान भिंतीकडे. मान जरा वळली की नाना स्क्रूड्रायव्हरची मूठ गालाला टेकवायचे. मारायचे नाहीत. टेकवायचे. गुराला वळवतात तसं.

किडनी गेलेल्या माणसाचं रक्त हे मशीन धुतं. त्यासाठी मीठ-पाण्याचं मिश्रण अचूक लागतं. ते मोजणारा मीटर आतल्या दोन बारीक स्क्रूंनी जुळवावा लागायचा. अंदाजाने फिरवायची वस्तू नव्हती ती. चुकलं तर माणूस जायचा. कंपनीचा गोरा इंजिनिअर येऊन एकट्या नानांना शिकवून गेला होता. कंपनीचं पुस्तक नानांनी घरी नेऊन ठेवलं होतं. दुसऱ्या कोणाला येत नाही तोवर आपल्या व्हिसाला धक्का नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मला त्या भिंतीचं नवल वाटलं नाही, हे आधी सांगतो. रायगड जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत मास्तर बॅटरीवर दिवा लावून दाखवायचे तेव्हा मला व्हरांड्यात उभं करायचे. "तू खिडकीतून बघ." मी खिडकीतून शिकलो. आयटीआय केलं. परदेशी गेलो. तिथे पहिल्याच दिवशी नानांनी विचारलं, "आडनाव काय? गाव कुठलं?" मी सांगितलं. मग म्हणाले, "घर गावात की गावाबाहेर?" समुद्र ओलांडून मी तिथेच येऊन पोचलो होतो. खिडकीसुद्धा गेली. भिंत आली.

इद्रीस सुदानचा. कसाला गावचा. शिकलेला इंजिनिअर, उंच, हळू बोलणारा. भारतीयांबरोबर राहून हिंदी शिकला होता. मला "या झोल" म्हणायचा. त्यांच्याकडे झोल म्हणजे माणूस. मी त्याला सांगितलं, आमच्याकडे झोल म्हणजे भानगड. तो म्हणाला, "वही तो. आदमी और क्या है?"

भिंतीकडे बघत उभे असताना तो नानांना ऐकू जाईल असं विचारायचा, "भाई, तेरे दीवार पे आज क्या पिक्चर है?"

मी हसायचो. पण मान वळवायचो नाही. त्याची मान मात्र सारखी वळायची. गालाला मूठ लागायची. पुन्हा वळायची.

एका शुक्रवारी त्याने मला उम्म अल हस्सम या वस्तीत आपल्या फ्लॅटवर नेलं. तिथे त्यांची बैठक भरायची. सुदानी, इथिओपियन, केनियाचे लोक. कोणी दवाखान्यात, कोणी वीजकेंद्रात, कोणी लॅबमध्ये. मध्ये एक मोठं ताट, त्यात फूल म्हणजे शिजवलेला घेवडा, तेल, कांदा, बाजूला रोट्या. पण ताटाला कोणी हात लावत नव्हतं. रीत अशी, की जेवणाआधी एकाने आठवड्यातली आपली कामातली चूक सांगायची. पराक्रम नाही. चूक. ती कशी झाली, कशी लक्षात आली, पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं. सगळे प्रश्न विचारायचे. चूक सांगणाऱ्याने पहिला घास घ्यायचा.

शेजारी टेपरेकॉर्डर चालू. कोऱ्या कॅसेट ते बाब अल बहरीनच्या बाजारातून आणायचे. खार्तूम, नैरोबी, अदिस अबाबा, जो कोणी रजेवर जाईल त्याच्या बॅगेत कॅसेट जायच्या. तिकडच्या दवाखान्यांत परदेशांनी दान दिलेली जुनी मशीनं होती. पुस्तकं नाहीत, शिकवणारा नाही. तिकडचे लोक कॅसेट ऐकून काम करायचे आणि दुसऱ्या बाजूवर आपले प्रश्न भरून परत पाठवायचे. मी ज्या गावात वाढलो तिथे मंत्र, औषध, विहिरीचा झरा, सगळं झाकून ठेवायची रीत. इथे माणसं आपलीच चूक विमानाने घरी पाठवत होती.

त्या दिवशी वंजिकूने सांगितलं. केनियाची नर्स, दुसऱ्या दवाखान्यात डायलिसिसवर. अलार्म वाजला तो न बघताच तिने बंद केला होता. पेशंट वाचला. "नशिबाने," ती म्हणाली. "माझ्यामुळे नाही." मग तिने रोटी मोडली.

आम्ही सगळे त्या एका ताटात जेवलो. माझा हात आणि सगळ्यांचे हात. माझ्या घशातून घास उतरेना. कोणी विचारलं नाही, का रडतोस.

त्या फ्लॅटवरच मी आमनाचा आवाज ऐकला. इद्रीसची मोठी बहीण. तिच्या किडन्या गेल्या होत्या. कसालाच्या दवाखान्यात आमच्याचसारखं मशीन होतं, पण कापडाखाली. मीटर जुळत नव्हता. म्हणून ती बसने खार्तूमला जायची. दिवसभराचा प्रवास, मग रक्त धुणं, मग परत दिवसभराचा प्रवास. कॅसेटवर आधी तिथला टेक्निशियन बोलला. दोन्ही स्क्रू फिरवून पाहिले, रीडिंग टिकत नाही, आधी कुठला फिरवायचा? मग आमना. इद्रीस मला अर्थ सांगत होता. "ती म्हणते, तुझ्या त्या हिंदुस्तानी भावाला सलाम. त्याला विचार, आता तरी भिंतीकडे कमी बघतो का."

सगळे हसले. मीही.

पुढच्याच आठवड्यात नानांनी मला एकट्याला आत बोलावलं. दार लावलं. "माझी पाठ आता धरते. हे काम कोणाला तरी द्यावं लागणार. तू आपला माणूस. मराठी. शिकवतो तुला. पण त्या काळ्याला नाही. कळलं?"

आपला माणूस. मला हे कोणी कधी म्हटलं नव्हतं. गावात नाही, शाळेत नाही. मी म्हणालो, "कळलं, नाना."

त्यांनी शिकवलं. आधी डावा स्क्रू, मग उजवा. आणि पाणी अंगाइतकं गरम होऊन स्थिर होईपर्यंत कशालाच हात लावायचा नाही. थंड पाण्यावर जुळवलं की रीडिंग टिकत नाही. संपलं. ज्याच्यासाठी आम्ही भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो ते एवढंच होतं. डावा, मग उजवा. आणि थांबायचं.

दुसऱ्या दिवशी मशीन आलं. नाना खुर्चीवर मागे बसले. स्टुलावर मी. इद्रीस टॉर्च घेऊन उभा.

मी म्हणालो, "मुँह उधर."

माझ्याच तोंडून. माझ्याच आवाजात.

इद्रीसने माझ्याकडे पाहिलं. नानांच्या वेळी सारखी वळणारी त्याची मान त्या दिवशी एकदाही वळली नाही. भिंतीवरच्या पिक्चरचं त्याने विचारलं नाही. टॉर्च जराही हलली नाही.

तरी शुक्रवारी त्याने मला बोलावलं. ताटाभोवती पाळी माझ्यावर आली. मी म्हणालो, "माझी काही चूक नाही झाली." वंजिकू म्हणाली, "हा माणूस कधीच चुकत नाही? मग याला दवाखान्यात कशाला ठेवलंय? स्वर्गात पाठवा, तिथली मशीनं बघेल." इद्रीस हसला नाही. दुसऱ्या कोणीतरी चूक सांगितली. मी जेवलो. तो घास मात्र उतरला.

इद्रीसला ते सांगायला काय अडलं होतं, हे मी स्वतःला खूप विचारलं आहे. व्हिसाची भीती होती, खरं आहे. पण तेवढंच नव्हतं. मला स्टुलावर बसायला आवडलं होतं. माझ्या मागे कोणीतरी भिंतीकडे बघत उभं आहे, हे आवडलं होतं. गावाबाहेरच्या आळीतला मी. मला ते आवडलं होतं.

असे शुक्रवार गेले. मग एका सकाळी इद्रीस कामावर आला नाही. नाना चहा ओतत म्हणाले, "तुझा काळा कुठाय आज? बहीण मेली म्हणे. बसमध्येच. या लोकांचं काय, चालूच असतं." आणि साखर मागितली.

मी साखर दिली. तेही सांगतो. हात पुढे झाला आणि मी साखर दिली.

संध्याकाळी उम्म अल हस्समला गेलो. पुरुष रांगेने बसले होते. येणारा तळहात उघडून समोर धरायचा, बसलेले तसेच तळहात धरायचे, थोडी प्रार्थना. मी तळहात धरले. इद्रीसने त्याचे धरले. मला प्रार्थना येत नव्हती. मी म्हणालो, "इद्रीस, मुझे सेटिंग आती थी. कब से आती थी."

वंजिकू दारात उभी होती, तिने तोंडावर पदरासारखा रुमाल धरला.

मी म्हणालो, "मुझे माफ..."

"खलास," इद्रीस म्हणाला. मोठ्याने नाही. "माझ्याकडे बघून बोलू नकोस. टेपकडे बघून बोल. कापडाखालचं मशीन अजून तिथेच आहे. तिथे दुसऱ्याही बायका बसमध्ये चढतात."

त्याने स्वतः कॅसेट घातली. बटण दाबलं. मी बोललो. आधी डावा. मग उजवा. पाणी गरम होईपर्यंत थांबा. बोलून झाल्यावर त्याने विचारलं, "ही चूक कशी झाली?" तीच त्यांची रीत, तोच प्रश्न. टेप चालू होता. मी ते "मुँह उधर"ही सांगितलं.

मला पहिला घास त्याने दिला नाही. त्या दिवशी ताटच नव्हतं. माफीही त्याने कधी दिली नाही. मी पुन्हा मागितली नाही.

तो कामावर परतला त्या दिवशी मशीन उघडलेलं होतं. इद्रीस टॉर्च घेऊन सवयीने भिंतीकडे वळला. मी स्टुलावरून उठलो. त्याच्या हातातली टॉर्च घेतली आणि त्याला स्टुलावर बसवलं. उजेड आत धरला आणि मोठ्याने बोलत गेलो. हिंदीत, म्हणजे झाडणाऱ्यालाही कळावं. यह पहले. यह बाद में. अभी रुको, पानी ठंडा है.

नाना उठून उभे राहिले. "बंद कर. टॉर्च खाली ठेव."

"नाही ठेवणार, नाना."

"मी तुला आपला म्हटलं. शेवटी जात दाखवलीस."

"हो," मी म्हणालो. "दाखवली. नीट बघा. तोंड फिरवू नका."

पाणी गरम व्हायला वेळ लागतो. तेवढा वेळ मी उजेड आत धरून ठेवला. मग इद्रीसने डावा स्क्रू फिरवला.

माझं कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही. मी गावी परतलो. कसालाचं मशीन चालू झालं, असं वंजिकूने एका कॅसेटवर कळवलं. इद्रीसचा आवाज त्या कॅसेटवर नव्हता.

आज मी तालुक्याच्या गावी दवाखान्यांची मशीनं दुरुस्त करतो. बरोबर चार माणसं आहेत. शनिवारी डबे उघडण्याआधी एकाने चूक सांगायची. नवा माणूस आला की पहिली मी सांगतो. आमनाची. ती सांगून मन हलकं होत नाही, आणि व्हावं म्हणून मी ती सांगतही नाही.

परवा एक कंपनीवाला आला होता. म्हणाला, "ही सेटिंग तुमच्यापुरती ठेवा. बाकीच्यांना जरा बाहेर पाठवा."

मी पाना खाली ठेवला. त्याला म्हणालो, "मग मीही बाहेर."

तो निघून गेला. काम गेलं. जाऊ दे. ज्या खोलीत एकाही माणसाला भिंतीकडे तोंड करावं लागेल, त्या खोलीत मी टॉर्च धरणार नाही. आणि स्टुलावर तर बसणारच नाही.