रोडग्यांवर घाट

आठ धडधाकट तरुणांना मी एका रविवारी जेवायला घालून आडवं केलं.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं आणि आमचं हॉटेलही. मलकापूरहून बुलढाण्याला जाणाऱ्या रस्त्यावर, घाटाच्या अगदी पायथ्याशी. गाड्या चढासाठी जोर धरायच्या आणि आमच्या भज्यांवर धूळ उडवून निघून जायच्या. शेवटी आमचे हे म्हणाले, "दिवाळीपावतर पाहू. नाही त मी मलकापूरच्या कापसाच्या जिनिंगात कारकून म्हणून लागतो." तेवढ्यात गावच्या गुरुजींच्या ओळखीने पुण्याच्या सायकलवाल्या पोरांचं कार्ड आलं: आठ जण रेल्वेने मलकापूरला उतरणार, आमच्याकडे जेवणार, मग सायकलींवरून घाट चढून लोणारला जाणार.

मी लगेच यादी केली. (यादीशिवाय मी शिंकतही नाही.) चटया, तांबे, हवा भरायचा पंप, गोवऱ्या, कणीक, वांगी, तूप. एकतिसावं कलम: 'आग्रह, प्रत्येकी तीन वेळा.' आमच्याकडे पाहुणा "पुरे" म्हणाला की वाढणाऱ्याचं काम सुरू होतं!

निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे जाड गोळे, म्हणजे आमचे रोडगे, मी फोडले, तुपात बुडवले, वर दाट वरण ओतलं.

"पुरे, काकू!" त्यांचा म्होरक्या म्हणाला.

"एवढ्यानं काय होते बापू? घाट चढाचा हाय नं!"

"म्हणूनच पुरे म्हणतोय!"

माझे तीन आग्रह संपले. पण मागून सासूबाई तुपाचं भांडं घेऊन आल्या, आणि त्यांच्याकडे यादी नव्हती.

दोन वाजता पोरं निघाली. मी एकतीसच्या एकतीस कलमांवर खुणा केल्या. अर्ध्या तासात शामराव गाडीवान घाट उतरून आला. "वहिनी, तुमचे पाहुणे पहिल्याच वळणावर पडले!"

"अगं माय! लागलं का कोणाले?"

"लागलं नाही वो, घोरून राह्यले!"

"काऊन वो, काय चारलं त्याईले?" हे कडाडले.

"यादीतलंच!"

"अन् चढ होता का तुह्या यादीत?"

नव्हता.

शामरावने तीन बैलगाड्या जमवल्या. एकीत पोरं, दोहोंत सायकली. अख्खं गाव बघायला रस्त्यावर आलं आणि वरात घाट चढली. त्या दिवशी गाडीवानांना भाडं मिळालं, घाटमाथ्यावरच्या सोडावाल्याच्या बाटल्या संपल्या. आम्हाला मात्र नाव मिळालं, 'झोपेचं हॉटेल'! ह्यांनी पिशवीत कारकुनीचा सदरा भरला.

दिवेलागणीला तिन्ही गाडीवान रिकाम्या गाड्या घेऊन उतरले आणि सरळ चटईवर बसले.

"वहिनी, त्या पोराईले घातलं तेच वाढा. आमाले कुठं चढाचं हाय!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी सहा गाडीवान आणले. ह्यांनी सदरा पिशवीतून काढला आणि त्याच सदऱ्यात वाढायला उभे राहिले. पुढच्या हिवाळ्यात पुण्याचं कार्ड आलं: 'पंधरा जण येतो. रोडगे हवेतच. बैलगाड्याही सांगून ठेवा. वर गाडीने जाऊ, सायकली उतारावर चालवू.' मग दरवर्षी आले. गाडीवान, सोडावाला, पंक्चरवाला, सगळे त्या कार्डाची वाट पाहू लागले.

त्या पोरांचे, शामरावचे आणि सासूबाईंच्या सढळ हाताचे उपकार मी विसरलेली नाही. तेव्हापासून माझ्या प्रत्येक यादीत पहिलं कलम 'चढ' असतं. किराणावाला बिचारा दर महिन्याला विचारतो, "वहिनी, हे किती किलो देऊ?"