फोटोतला दाणा
रसवंतीवाला बर्फ फोडू लागला की मला कुंडलमधला माझा जुना फोटो स्टुडिओ आठवतो. फौजेत असताना गेलेल्या मुलाचा कॅमेरा घेऊन एक म्हातारी आली होती. आत न धुतलेला कृष्णधवल रोल होता, आणि तिला भिंतीवर लावायला त्याचा फोटो हवा होता. फिल्म धुवायचं औषध गरम झालं की दाणा जाड येतो, फोटो खरबरीत दिसतो, म्हणून भर उन्हाळ्यात रसवंतीचा बर्फ आणून, त्यात औषधाचं भांडं ठेवून मी फिल्म धुतली. पण फोटोत मुलगा नेमका घोळक्यात मागं उभा. चेहरा मोठा केला तसा दाणा उठलाच. “मावशी, तोंड रेतीसारखं आलंय,” मी चाचरत म्हणालो. “ऱ्हाऊ द्या. मळणीवरनं त्यो असाच भुसकाटानं भरून यायचा,” म्हणत तिनं पदरानं फोटोतलं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. आता कॉम्प्युटरवर दाणा क्षणात जातो. मला मात्र तो घालववत नाही.