पन्नास रुपयांचा फलंदाज

असेल त्यापेक्षा जास्त दाखवायचं, हा आम्हा नाटकवाल्यांचा धर्म. पत्र्याचा मुकुट घालून मी चाळीस वर्षं राणी झाले, आणि गावोगावच्या मायबाप प्रेक्षकांनी तो सोन्याचा मानला. म्हणून तर आमच्या कोन गावातल्या केसरीनाथाचं मला भारी नवल वाटे.

दापोड्याच्या एका ट्रान्सपोर्टमध्ये तो तीस वर्षं बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहीत होता. जकात कमी बसावी म्हणून मालाची किंमत पाडून लिहायची, ही त्याची कला. रेशमी साड्या त्याच्या लेखणीखाली आल्या की 'जुने कपडे' होत. पुढे ही सवय घरात शिरली. दारात नवीकोरी मोटारसायकल आली तरी म्हणे, "सेकंडहँड हाय, आक्का."

त्याचे वडील गोदीत हमाल होते. कुण्या गोऱ्या साहेबाच्या सिगारेटच्या पाकिटातलं एक चित्र त्यांनी जन्मभर जपलं. पत्त्याएवढं कार्ड, त्यावर बॅट रोखून उभा असलेला फलंदाज. वडील गेल्यावर धाकट्या काळूरामनं विचारलं, "ह्ये काय रं दादा?"

"काय न्हाय, पोरखेळ हाय," म्हणून केसरीनाथनं ते आपल्या पेटीत टाकलं.

२००७ साली त्याची लेक निशा ठाण्याहून बातमी घेऊन आली. अमेरिकेत एक कंपनी अशी कार्डं तपासते, दहापैकी गुण देते आणि प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करून परत पाठवते. शिवाय या फलंदाजाला चाळीस हजार सहज येतील. केसरीनाथ दोन दिवस जेवला नाही.

तिसऱ्या दिवशी तो अमेरिकेचं पाकीट घेऊन पोस्टात भेटला. मी माझं वृद्ध कलावंताचं मानधन घ्यायला गेले होते. खिडकीतल्या विनितानं विचारलं, "काका, आतल्या वस्तूची किंमत काय लिहू? तेवढ्याचाच विमा उतरेल."

केसरीनाथनं आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. "पन्नास रुपये."

मी कानाशी लागले. "अरे, हरवलं तर पन्नासच हाती येतील!"

"खरं लिवलं तर उद्या कोनभर व्हईल, आक्का. काळ्या वाटनी मागंल. मानसानं कागदावर गरीबच र्‍हावं."

कार्ड हरवलं नाही. उलट सात गुण मिळवून परत आलं. पण त्या अमेरिकन लोकांना कागदावर गरीब राहणं कुठून ठाऊक असणार? त्यांनी पाकिटावर ठसठशीत लिहिलं, हजार डॉलर, म्हणजे आपले चाळीस हजार. सरकारनं त्यावर कर लावला, आणि कराची चिठ्ठी पोस्टमननं अंगणात पहिला दिसला त्याच्या हातात दिली. तो निघाला काळूराम.

दोघे भाऊ पोस्टात आले. केसरीनाथनं साक्षीला म्हणून मलाही ओढलं.

"पोस्टातपन जकात?" केसरीनाथनं चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली.

विनिता शांतपणे म्हणाली, "इथून गेलेलीच वस्तू परत आली असं लिहून द्या, कर माफ व्हावा म्हणून मी अर्ज वर पाठवते. पण गेली पन्नासची आणि आली चाळीस हजारांची, हे कसं चालेल? आधीची किंमत चुकली असं लिहा. नाहीतर कर भरा."

केसरीनाथ कात्रीत सापडला. खरं लिहावं तर भाऊ शेजारी उभा. खोटं धरून बसावं तर कर आहेच.

काळूरामनं सावकाश खिशातून पन्नासची नोट काढली आणि खिडकीच्या फळीवर ठेवली. "दादा, तुज्याच हातानं किंमत लिवलीस ना? ह्ये घे पन्नास. कार्ड मला दे. कर मी भरतो. मला म्हनालास पोरखेळ, सरकारला म्हनालास पन्नास. म्हंजे माजा भाव जास्तच हाय."

केसरीनाथचा चेहरा लालबुंद झाला आणि तो ओरडला, "चाळीस हजार! चाळीस हजाराचं हाय त्ये! बापाचं हाय!"

काय सांगू! माझी सगळी कारकीर्द गेली, पण शेवटच्या बाकापर्यंत असा आवाज मला कधी पोचवता आला नाही. तिकिटं चिकटवणारे हात थांबले.

काळूरामनं नोट परत खिशात घातली. "लिवून घ्या हो, ताई. आनि बापाचं, तर अर्धं माजं."

अर्ज मंजूर झाला, कर सुटला. पण एका कार्डाची वाटणी करणार कशी, आणि बापाचं म्हणून विकायला कुणी तयार होईना. शेवटी ठरलं, शिमगा ते दसरा एकाच्या घरी, दसरा ते शिमगा दुसऱ्याच्या.

परवा काळूरामकडे गेले होते. कपाटात फलंदाज ऐटीत उभा होता. पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारलं, "हे काय हो?"

काळूराम कपाटाचं दार लोटत म्हणाला, "काय न्हाय, पोरखेळ हाय."